मैदानावर कोणतं गाणं लावू? सालेकसाहून आलेला एक प्रश्न

(हा भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना माझे 'म्हणजे बघा' आणि 'बरं का' फार होतात, ते थोडे कापलेत. बाकी जसंच्या तसं.)

 

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झालाय. सालेकसा तालुक्यातल्या एका श्रोत्याने पाठवलाय, कचारगडच्या अलीकडच्या गावातून. तो म्हणतो, "दादा, आमच्याकडे फुटबॉलची टुर्नामेंट असते. टीम आपल्या तालुक्याच्या, देवरीच्या, तिकडून बालाघाटच्या, डोंगरगडच्या पण येतात. मागच्या वर्षी डीजे लावला होता. पण बॉक्सच्या समोरची वीस-पंचवीस पोरं नाचली, बाकी पूर्ण मैदान मोबाइल पाहत बसलं. आणि आमच्या आजोबांनी घरी आल्यावर विचारलं की तीन दिवस एवढा आवाज केला, त्यात गोंडी एकदा तरी वाजली का? यावर्षी गाण्याचं काम माझ्याकडे आहे. लिस्ट पाठव ना."

मी लगेच लिस्ट बनवायला बसलो. दहा गाणी लिहिली आणि मग थांबलो. कारण त्या मैदानावर कोण बसणार ते डोळ्यांसमोर आणलं. गोंडी बोलणारे, झाडीबोली बोलणारे, पोवारी बोलणारे, छत्तीसगढी बोलणारे, शाळेत मराठी आणि यूट्यूबवर हिंदी ऐकणारे. माझ्या दहापैकी आठ गाणी हिंदी पिक्चरची होती. म्हणजे गेल्या वर्षीच्या डीजेने जे केलं तेच मी घरबसल्या करत होतो.

मग म्हटलं, थांब. या मुलाच्या गावाजवळच दर वर्षी जी गर्दी जमते तिच्याकडे आधी बघू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कचारगड म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातला डोंगर आणि त्यातली प्रचंड मोठी नैसर्गिक गुहा. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर दरेकसा नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथे उतरायचं, धनेगावकडून जंगलातून वर चढायचं. माघ पौर्णिमेला इथे गोंड समाजाची जत्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांतून लाखांच्या घरात लोक येतात. आज दिसते त्या स्वरूपात ही जत्रा उभी राहिली १९८० च्या दशकात, त्यात गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि 'गोंडवाना दर्शन' मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम यांचा मोठा वाटा.

आता गंमत बघा. हे सगळे लोक एका समाजाचे, पण सगळ्यांची रोजची भाषा एक नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते, आणि ते पाच-सहा राज्यांत वाटले गेलेले. तेलंगणाकडची गोंडी ऐकली तर मंडल्याकडच्या माणसाला अडखळायला होतं. बऱ्याच जणांच्या घरात तर आता मराठी, हिंदी नाहीतर तेलुगूच बोलली जाते. तरीही रात्री मांदर वाजायला लागला की अनोळखी माणसं एकमेकांच्या कमरेला हात घालून एका तालावर पाय टाकतात. कुणी कुणाला स्टेप शिकवत नाही. कसं होतं हे?

[मांदरचा ठेका, सुमारे वीस सेकंद]

रेला गाण्यांचं उदाहरण घेऊ. एक गट ओळ उचलतो, दुसरा ती परत देतो, आणि मध्ये मध्ये 'रेला' हा शब्द फिरत राहतो. रेला म्हणजे बहाव्याचं झाड, पण गाण्यात तो शब्द अर्थासाठी कमी आणि पाय धरून ठेवायला जास्त येतो. ओळ कळली नाही तरी रेला सगळ्यांना म्हणता येतो. बाहेरून आलेला माणूस पहिल्या फेरीत ऐकतो, दुसऱ्या फेरीत तोंड हलवतो, तिसऱ्या फेरीत गातो.

ही जागा लक्षात ठेवा. अर्थ न कळताही आत शिरता येईल अशी जागा. आता जगातल्या मोठ्या स्टेडियमकडे जाऊ, तिथेही हीच जागा सापडते.

२०१० च्या वर्ल्ड कपचं 'वाका वाका' तुम्हाला पाठ असेल. शकिराने दक्षिण आफ्रिकेच्या फ्रेशलीग्राउंड या बँडसोबत गायलं. पण त्यातलं आपण सगळे घसा फोडून गातो ते ध्रुवपद तिचं नव्हे. ते कॅमेरूनच्या 'गोल्डन साउंड्स' या गटाच्या १९८६ च्या 'झांगालेवा' गाण्यातून आलं. हा गट सैनिकांचा होता, आणि ध्रुवपद फांग भाषेतलं. फांग कळणारे जगात किती? तरी गोंदियाच्या गॅदरिंगमध्ये पोरं ते म्हणतात. (श्रेय आणि पैशांचा विषय मागाहून निघाला, तोही निघायलाच हवा होता. त्यावर पुढे येतो.)

दुसरं उदाहरण तर निव्वळ गिटारचं आहे. 'द व्हाइट स्ट्राइप्स'चं २००३ चं 'सेव्हन नेशन आर्मी'. सात सुरांची एक ओळ. त्याच वर्षी बेल्जियमच्या क्लब ब्रुजचे चाहते मिलानला मॅच बघायला गेले, तिथल्या बारमध्ये हे गाणं ऐकलं आणि त्याचे शब्द सोडून नुसती गिटारची ओळ 'ओ ओ' करत स्टेडियममध्ये नेली. ब्रुज जिंकलं. २००६ मध्ये रोमाची टीम ब्रुजला खेळायला आली, रोमाच्या टोटीच्या कानात ती बसली, आणि त्या उन्हाळ्यात इटली वर्ल्ड कप जिंकली तेव्हा आख्खी इटली तेच गात होती. इंग्रजी गाणं, बेल्जियमच्या लोकांनी उचललं, इटालियन लोकांनी आपलं केलं. शब्द असते तर सीमेवरच अडकलं असतं.

आणि आता एक खरा डीजे. २९ जून २०२१, लंडनचं वेम्बली. युरो स्पर्धेत इंग्लंडने जर्मनीला २-० हरवलं. डीजे टोनी पेरीच्या डोक्यात होतं 'विंदालू' लावायचं. हो, आपल्या गोव्याच्या विंदालूचंच नाव, १९९८ चं इंग्लंडच्या चाहत्यांचं गाणं. ऐन वेळी त्याने ते बाजूला ठेवलं आणि नील डायमंडचं १९६९ चं 'स्वीट कॅरोलाइन' लावलं. त्याने नंतर सांगितलं की शेवटी जर्मन चाहतेसुद्धा गात होते. विचार करा, आत्ता हरलेत ते! 'विंदालू'मध्ये त्यांना जागाच नव्हती, ते इंग्लंडच्या जयजयकाराचं गाणं. 'स्वीट कॅरोलाइन'मध्ये फुटबॉलचा शब्द नाही, आणि ध्रुवपदाच्या मध्ये जो ब्रासचा तुकडा येतो तो लोक तोंडानेच वाजवतात.

आपल्या टुर्नामेंटला हे थेट लागू होतं. डोंगरगडची टीम हरली आणि आपण लगेच 'आमच्यासमोर कोण टिकणार' छापाचं गाणं लावलं, तर पुढच्या वर्षी त्यांची गाडी येईल का?

बरं, गाणं कळलं. आता वेळ. इथे माझ्या मते गेल्या वर्षीचा डीजे खरा चुकला, आणि त्याचा एकट्याचा दोष नाही. आपण सगळे आयपीएल बघून मोठे झालोय. क्रिकेटमध्ये दर बॉलनंतर फट आहे, ओव्हर संपली की मोठी फट, विकेट पडली की त्याहून मोठी. डीजेला दर मिनिटाला जागा मिळते. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटं सलग खेळ. बॉल चालू असताना स्पीकरवर गाणं लावलं तर खेळाडूंना एकमेकांची हाक ऐकू येत नाही, रेफरीची शिट्टी ऐकू येत नाही. म्हणून फुटबॉलमध्ये डीजेची वेळ म्हणजे मॅचच्या आधी, गोल झाल्यावर काही सेकंद, हाफटाइम आणि शेवट. मधली दीड तास हवा लोकांनी भरायची असते.

जाता जाता, जत्रेतून आणलेल्या शिट्ट्या मैदानावर नकोत. नियम क्रमांक ५ मध्ये लिहिलंय की प्रेक्षकाच्या शिट्टीने खेळात व्यत्यय आला तर रेफरीने खेळ थांबवायचा आणि ड्रॉप बॉलने सुरू करायचा. गोलसमोर बॉल असताना कुणाच्या पोराने शिट्टी फुंकली तर भांडण ठरलेलं.

मग लोकांनी भरायचं म्हणजे काय करायचं? टाळी. पण टाळी दिसते तेवढी साधी नाही.

२००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला होता. संशोधकांनी रुमानिया आणि हंगेरीच्या सभागृहांत टाळ्या रेकॉर्ड केल्या. नाटक संपतं, लोक जोरात, भराभर टाळ्या वाजवतात, सगळा गोंगाट. मग अचानक सगळ्या टाळ्या एका ठेक्यात येतात. कशामुळे? तर लोक आपला वेग जवळपास अर्ध्यावर आणतात. भरभर वाजवताना प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, हळू वाजवताना तो फरक कमी होतो आणि एकमेकांना पकडता येतं. पण मग एकूण आवाज कमी पडतो, लोकांना आणखी जोर हवासा वाटतो, ते वेग वाढवतात आणि ठेका पुन्हा फुटतो. जोर की एकी, यात गर्दी सारखी हेलकावे खाते.

त्यात मैदानाचं आणखी एक लफडं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदान शंभर मीटरचं धरलं तर एका गोलपोस्टमागच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्या गोलपोस्टमागे पोचायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. डीजेचं गाणं मिनिटाला १३० ठोक्यांचं असेल तर एक ठोका ०.४६ सेकंदाचा. म्हणजे पलीकडचा माणूस अर्ध्या ठोक्याहून जास्त मागे! त्याने इमानदारीत गाण्यावर टाळी वाजवली तरी तुमच्या कानाला ती बेसूर वाटणार, कारण त्याची टाळी परत यायला अजून ०.३ सेकंद गेले. आता कळलं का, की बॉक्ससमोरची पोरंच का नाचली? बाकीचं मैदान आळशी नव्हतं. त्यांच्यापर्यंत ठेका पोचतच नव्हता, नुसता धडधडाट पोचत होता.

आइसलंडची ती प्रसिद्ध टाळी आठवा, २०१६ च्या युरोची. दोन्ही हात वर, एक टाळी, एक हुंकार, आणि मग लांब शांतता. पुन्हा टाळी. दोन टाळ्यांमध्ये इतकी जागा की ०.३ सेकंदाचा उशीर त्यात विरघळून जातो. मग हळूहळू वेग वाढतो आणि शेवटी फुटून गोंगाट होतो. त्या शोधनिबंधात सांगितलेलं सगळं जसंच्या तसं, फक्त उलट्या क्रमाने. भाषा लागत नाही, वाद्य लागत नाही, पैसे लागत नाहीत. आपला भारतीय संघही मॅचनंतर प्रेक्षकांसमोर उभा राहून ही टाळी वाजवतो. आणि प्रेक्षक नसले तर काय होतं तेही मुंबईने पाहिलंय: १ जून २०१८ ला अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं तेव्हा स्टेडियममध्ये २,५६९ लोक होते. सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले, शिव्या द्यायच्या असतील तर त्याही मैदानावर येऊन द्या म्हणाला, आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या मॅचला पावसातही स्टेडियम भरलं.

'वी विल रॉक यू'ही असंच जन्मलं. क्वीन बँडच्या एका कार्यक्रमात लोक आपणहून एकत्र गायला लागले, ते ऐकून गिटारवादक ब्रायन मेला वाटलं की गर्दीला करता येईल असं काहीतरी द्यावं. दोन पाय, एक टाळी. १९७७ साली आलं, आजही चालतं. त्याचं एक आवर्तन दीड सेकंदाचं.

आपल्याकडे मात्र याहून हुशार माणूस आहे. कोल्हापूरकडच्या कुस्तीच्या मैदानातला हलगीवाला. त्याची नजर पैलवानांवर असते. डाव रंगला की हात चढतो, पकड सुटली की उतरतो. मागे बसलेल्या माणसाला आखाड्यात काय चाललंय ते नीट दिसत नसलं तरी हलगीवरून कळतं. कुठल्याही प्लेलिस्टला हे जमणार नाही, कारण प्लेलिस्टला मॅच दिसत नाही.

म्हणून त्या मित्राला मी पहिली गोष्ट सांगितली: डीजेचं अर्धं बजेट मांदरवाल्यांना दे. उपकार म्हणून नाही, मानधन म्हणून, आणि डीजेला देतोस त्याच दिवशी, त्याच पद्धतीने. मांदर गोंडांकडे आहे तसा पलीकडे छत्तीसगडमध्ये पंथी आणि कर्मा नाचातही आहे. डोंगरगडच्या माणसाचा कान त्याला परका नाही. झाडीपट्टीत मंडई आणि दंडार बघत मोठा झालेला माणूस तर ठेका ऐकून बसूच शकत नाही. दोन जोड्या असतील तर एक मैदानाच्या मधोमध, टचलाइनच्या मागे, म्हणजे दोन्ही टोकं साधारण पन्नास मीटरवर येतात आणि उशीर अर्धा होतो. दुसरी समोरच्या बाजूला, पण ती एकाच वेळी वाजवायची नाही. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. रेला गाताना करतात तसं.

आता जरा नाजूक गोष्ट. कचारगडची गोष्ट तुमच्यातल्या अनेकांना घरून माहीत आहे. काली कंकालीची तेहतीस मुलं गुहेत कोंडली गेली, दारावर अजस्र शिळा. पारी कुपार लिंगोंच्या सोबतच्या हिरासुका पाटालीर यांनी बाहेरून किंगरी वाजवली. सूर आत गेले, मुलांच्या अंगात बळ आलं आणि त्यांनी आतून शिळा ढकलली. शिळा गडगडली, आणि तिच्याखाली हिरासुकाच गेले. गोंडी परंपरेत संगीताला जो मान आहे, त्यामागे ही कथा आहे.

हे मला फार विचार करायला लावणारं वाटतं. शिळा किंगरीने हलवली नाही, मुलांनी हलवली. वाजवणारा बाहेर होता, त्याला आतलं कोणी दिसतही नव्हतं. पण मी हे सांगतोय म्हणून उद्या कुणी गोल झाल्यावर हिरासुकांचं स्तुतिगीत लावू नये. पेनाची, पूजेची गाणी वेगळी आणि नाचायची, लग्नाची, खेळाची गाणी वेगळी. कुठलं गाणं मैदानावर चालेल हे मी पुण्यात बसून सांगणार नाही, तुमच्या गावातले जाणते सांगतील. तुझ्या आजोबांनाच विचार. त्यांनी प्रश्न विचारलाय म्हणजे उत्तरही त्यांच्याकडे असणार.

'झांगालेवा'चं मघाशी म्हटलं ते इथे. तिकडच्या लोकांचं ध्रुवपद जगभर वाजलं आणि मूळ गायकांची नावं बहुतेकांना आजही माहीत नाहीत. आपल्या मैदानावर निदान एवढं करता येईल की अनाउन्सरने माइकवर सांगावं: आता मांदरवर अमुक गावचा गट आहे. गावाचं नाव, गटाचं नाव, स्पष्ट. आणि अनाउन्समेंट फक्त मराठी-हिंदीत कशाला? टीमची नावं, स्कोअर, गोल कुणी मारला, एवढं गोंडीत सांगायला दोन वाक्यं लागतात. शाळेतल्या एखाद्या मुलीला माइक द्या. आजोबांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

राहिला डीजे. त्याला घालवू नका, हाफटाइमला आणि शेवटी पोरांना नाचायचं असतंच. फक्त रेकॉर्डेड गाणी सार्वजनिक कार्यक्रमात वाजवायला पीपीएल, आयपीआरएस यांचे परवाने लागतात, ते त्याच्याकडे आहेत का विचारा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा तर नियमच आहे, आणि शेजारी जंगल आहे. गोलनंतर दहा-पंधरा सेकंदांचा एकच तुकडा, दोन्ही टीमना तोच. यजमानांच्या गोलला ढँगटढँग आणि पाहुण्यांच्या गोलला शांतता, असं करू नका.

आवाज नुसता वाढवून काही होत नाही याचा पुरावा हवा असेल तर दक्षिण आफ्रिकेतला तोच २०१० चा वर्ल्ड कप बघा. वुवुझेला नावाची ती प्लॅस्टिकची पुंगी, एकच सूर, नव्वद मिनिटं. तिथल्या लोकांची ती हौस होती आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही, पण इतरांची गाणी तिच्याखाली बुडाली. गोल झाला काय आणि हुकला काय, आवाज तोच.

तर मित्रा, लिस्ट नाही पाठवली, माफ कर. त्याऐवजी एक काम देतो, आणि हे ऐकणाऱ्या बाकीच्यांनाही. मॅचच्या आदल्या संध्याकाळी दोन फोन घेऊन मैदानावर जा. एक मांदरजवळ ठेव, एक लांबच्या गोलपोस्टमागे, दोन्हींवर रेकॉर्डिंग चालू कर. दोन्ही फोन आधी एकत्र धरून एक टाळी वाजव, म्हणजे नंतर जुळवायला खूण मिळेल. मग वादकांना आधी भरभर वाजवायला सांग आणि लांब उभ्या मित्रांना टाळ्या धरायला सांग. नंतर तेच हळू. घरी येऊन दोन्ही रेकॉर्डिंग एकावर एक ठेवून हेडफोन लावून ऐक. कुठल्या वेगाला टाळ्या सुटतात आणि कुठल्या वेगाला बसतात ते तुझ्या मैदानाचं उत्तर असेल. ते मला पाठव, पुढच्या भागात वाजवू. सोबत गटाचं आणि गावाचं नाव लिहायला विसरू नकोस.